शेऱ्याचा रकाना

गणपतराव दळवींना कचेरीत आणि बडोद्यातल्या आमच्या शियाबागेत सगळे आबासाहेब म्हणत. मीही म्हणायचो. त्यांचं नाव गणपतराव आहे हे मला त्यांचा अर्ज हातात पडला तेव्हा कळलं, आणि तोवर त्यांच्या शेजारी राहायला येऊन मला चार वर्षं झाली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिथेच अडलेलं आहे. आणखीही एक सांगून टाकतो. जी नोकरी त्यांना मिळायला हवी होती ती मला मिळाली. गेली सहा वर्षं डभोईला मी त्या नोकरीचा पगार खातो आहे, आणि तो मला पचतो.

दळवींचं घराणं पागेतलं. पणजे घोड्यावरून बडोद्यात आले, आजे घोड्यावरून उतरले, वडिलांनी सरकारातून मिळणाऱ्या नेमणुकीवर दिवस काढले आणि आबासाहेबांच्या हाती लेखणी आली. अशा घरांतून मुलाला एखाद्या पूर्वजाचं नाव ठेवतात. मग घरातल्या बायकांना ते तोंडातून काढता येत नाही, कारण ते कुणाच्या तरी सासऱ्याचं असतं. म्हणून पाळण्यातल्या पोरालाच आबासाहेब नाहीतर दादासाहेब म्हणायचं. पाळण्यातून उतरला तरी ते चिकटलेलंच राहतं. मथुराबाई म्हणजे त्यांची बायको, त्यांनी तर नाव घेणं शक्यच नव्हतं. कचेरीत आणखी एक दळवी होते, म्हणून तिथेही पट्टेवाल्यापासून साहेबापर्यंत सगळे आबासाहेबच म्हणायचे. पगारपत्रकावर पूर्ण नाव असायचं, पण पगारपत्रकावर साहेब सही करतात, ते वाचत कोणी नाही.

त्यांचं काम गोषवाऱ्याचं. कुठलीही जागा निघाली की कचेरीत अर्जांचा ढीग पडायचा. साठ, सत्तर, एकदा पट्टेवाल्याच्या एका जागेला दोनशे. एवढे अर्ज साहेब वाचणार कधी? म्हणून आबासाहेब एका लांब कागदावर रेघा मारून प्रत्येक माणसाला एक ओळ देत. अनुक्रम, नाव, वय, परीक्षा, आजवरची नोकरी आणि शेवटी शेरा. कचेरीची भाषा गुजराती, त्यामुळे गोषवाराही गुजरातीत, आणि आबासाहेबांचं गुजराती अक्षर इतकं देखणं की नागर ब्राह्मणांच्या पोरांनी हेवा करावा. साहेब फक्त शेरा वाचायचे. त्या रकान्यात आबासाहेब पाचसहा शब्द लिहीत. लिहिण्यासारखं काही नसलं तर रकाना कोरा ठेवत. कोरा रकाना म्हणजे हा अर्ज उघडायची गरज नाही. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तो आबासाहेबांनीच वीस वर्षांत पाडला होता. नवा साहेब आला की हेडक्लार्क छबीलदास पहिल्याच दिवशी त्याला तो समजावून देत.

माझी गोष्ट सांगायची तर मॅट्रिक होऊन दोन वर्षं मी घरी बसून होतो. बसून म्हणजे अर्ज करत. एकतीस अर्ज केले आणि एकाचंही उत्तर आलं नाही. पहिल्या पाचसहा वेळा वाईट वाटलं. नंतर टपालवाला दारावरून पुढे गेला तरी मी मान वर करीनासा झालो. आईनं विचारणं सोडलं, मी सांगणं सोडलं. एका संध्याकाळी बत्तिसावा अर्ज दारापुढच्या ओटल्यावर बसून लिहीत होतो, तर आबासाहेब पान खात खात आले आणि म्हणाले, बघू.

त्यांनी अर्ज वाचला. वाचला म्हणजे वरून खाली एकदा नजर फिरवली, त्यांना तेवढं पुरायचं. मग खिशातली तांबडी पेन्सिल काढली. माझ्या अर्जाच्या पहिल्या नऊ ओळींत श्रीमंत सरकारचा जयजयकार होता, त्यावर त्यांनी एक आडवी रेघ मारली. पुढच्या सात ओळींत माझे आजोबा कोणत्या स्वारीत होते आणि वडील फडात किती वर्षं कारकून होते ते होतं. त्यावरही रेघ.

"आजा अर्ज करत नाही," ते म्हणाले. "नोकरी आजाला नको आहे."

बडोद्यातल्या आम्हा दक्षिणी, म्हणजे मराठी, लोकांची ही जुनी खोड. कागद हातात आला की आधी घराणं लिहायचं, मग कागदात जागा उरली तर स्वतःचं. आबासाहेबांच्या हातून अशा किती आजांवर रेघ गेली असेल त्याची गणती नाही, आणि त्यांत शिलेदारांचे नातू सर्वांत जास्त. चिडत नसत ते. चिडायला काहीतरी वाटावं लागतं, आणि रोज सत्तर माणसांच्या आयुष्याची एकेक ओळ करणाऱ्याला किती वाटून घेता येईल?

खाली मी लिहिलं होतं की माझा स्वभाव मनमिळाऊ आहे आणि मला वाचनाची आवड आहे. मनमिळाऊ आहेस हे दुसऱ्यानं म्हणायचं, असं म्हणून त्यांनी तेही उडवलं. एवढी काटछाट झाल्यावर अर्जात माझं नाव, वय आणि मॅट्रिक एवढंच उरलं. मला वाटलं होतं माझ्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. कागदावर बघितलं तर दीड ओळ होती.

मग त्यांनी विचारलं, दोन वर्षं काय केलंस. मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, काही नाही असं कोणी दोन वर्षं करत नाही, आठव. आठवून आठवून सांगितलं की रावपुऱ्यातल्या एका वकिलाकडे मधूनमधून जातो. त्याच्याकडे जमिनींचे जुने मोडी कागद येतात, ते वाचून गुजरातीत उतरवून देतो. मोडी वडिलांनी शिकवली होती. आबासाहेबांनी पान थुंकलं आणि विचारलं की हे अर्जात का नाही.

"ते फुकट करतो," मी म्हटलं.

"पगार किती मिळाला ते त्यांनी विचारलेलं नाही. काम काय येतं ते विचारलंय."

त्या आठवड्यात त्यांनी मला अर्ज कसा लावायचा ते शिकवलं. कागद फूलस्केप, एकच. डाव्या बाजूचा चौथा भाग दुमडून समास पाडायचा, म्हणजे साहेबाला तिथे लिहिता येतं. नाव, वय, पत्ता वर. मग परीक्षा, नवी आधी. मग काम, कुठे आणि किती महिने. मग कोणत्या भाषा लिहिता येतात आणि कोणत्या नुसत्या वाचता येतात, हे दोन्ही वेगवेगळं, कारण लोक इथेच खोटं बोलतात. दाखले लहानमोठे असले तरी नकला एकाच मापाच्या कागदावर काढायच्या. प्रत्येक नकलेला आकडा द्यायचा आणि अर्जात त्या त्या ठिकाणी तो आकडा लिहायचा, म्हणजे वाचणाऱ्याला पानं चाळावी लागत नाहीत. वकिलाकडून त्यांनी मला कामाचा दाखला आणायला लावला. तो मिळाला, तोही दोन ओळींचा, पण मिळाला. शेवटी मथुराबाईंनी दाभणानं डाव्या कोपऱ्यात भोक पाडून पांढऱ्या दोऱ्यानं सगळं टाचून दिलं. अर्ज हातात घेतल्यावर तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला, बऱ्यापैकी माणसाचा.

हे बत्तीस सालच्या उन्हाळ्यातलं. त्याच दिवसांत डभोईच्या कचेरीत रेकॉर्डकीपरची जागा निघाली. जुनं मोडी दफ्तर लावायचं होतं आणि त्याची गुजरातीत यादी करायची होती. मी आबासाहेबांनी लावून दिलेला अर्ज टाकला. अर्ज यायचे होते ते मात्र आबासाहेबांच्याच कचेरीत, आणि साहेबही त्यांचेच.

पुढच्या सोमवारी वरून हुकूम आला. मंदीचे दिवस, खर्च कमी करायचा, त्यात ‘गोषवारा कारकून, एक’ ही जागा तोडलेली. नाव नव्हतं, नुसती जागा होती. जुलै अखेर काम बंद. आबासाहेबांचं वय तेव्हा शेहेचाळीस, मुलगी लग्नाची, आणि पेन्शनला चार वर्षं कमी. पेन्शनचा हिशेब साधा होता. सरकारी नोकरीत खंड न पडता आणखी चार वर्षं काढली तर जन्मभराची भाकरी, नाहीतर एकवीस वर्षं पाण्यात. त्या वर्षी नव्या जागा कुठेच निघत नव्हत्या. निघाली होती ती एकच, डभोईची.

त्यांनी मथुराबाईंना जेवताना सांगितलं. मथुराबाईंनी पुढे मला सांगितलं की त्यांनी ऐकलं आणि विचारलं, भात घेता का. त्यांनी घेतला. एवढंच त्या रात्री त्या घरात झालं. मी शेजारी होतो, भिंत एकच, पण रडणं-ओरडणं काही ऐकू आलं नाही.

दोन दिवसांनी आबासाहेबांनी डभोईच्या जागेसाठी स्वतःचा अर्ज लिहिला आणि मला दाखवला. अक्षर बरं पडलंय का बघ म्हणाले, जसं काही त्यांना माझ्या पसंतीची गरज होती. तिथे मी पहिल्यांदा वाचलं, ‘गणपतराव हणमंतराव दळवी’. क्षणभर कळलंच नाही हे कोण. अर्ज उत्तम होता. मोडी, बाळबोध, गुजराती तिन्ही लिपी, एकवीस वर्षं एकाच कचेरीत, एकही ठपका नाही. माझ्यासारखे दहा त्यांच्यावरून ओवाळून टाकावेत. मी म्हटलं, आबासाहेब, मी माझा अर्ज काढून घेतो. म्हटलं खरं, पण एक पाय मागे ठेवून म्हटलं. ते त्यांना दिसलं असणार, माणसांचे कागद वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

"काढून घेतलास तर गोषवाऱ्यात तशी नोंद करावी लागेल," ते म्हणाले. "कारण काय लिहू?"

मग कारण सापडलं नाही म्हणून अर्ज राहिला. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे, आणि दर वेळी ते मला पटतं.

आता गोषवाऱ्याचं. अर्ज आले त्रेपन्न. आबासाहेबांनी छबीलदासांना सांगितलं की या वेळी गोषवारा दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, माझाही अर्ज आहे. छबीलदास भला माणूस, पण त्यांच्या पुतण्याचं पाटणला लग्न होतं आणि ते दुसऱ्या दिवशीच निघणार होते. ते म्हणाले, "अरे आबासाहेब, एमां शुं? तमेज करो ने, तुम्हीच करा. तुम्ही काय स्वतःच्या नावापुढे सोनं लावणार आहात का?" आणि निघून गेले. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं, सांगताना चष्मा पुसत होते.

सोनं सोडा, आबासाहेबांनी शाईसुद्धा लावली नाही. त्रेपन्न ओळी त्यांनी नेहमीसारख्या लिहिल्या. माझ्या शेऱ्यात लिहिलं, ‘मोडी वाचन उत्तम, वकिलाचा दाखला जोडला आहे, डभोईस राहण्यास तयार.’ त्यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि प्रत्येक शब्द कामाचा होता. स्वतःची ओळ चव्वेचाळिसावी. नाव, वय. नोकरीच्या रकान्यात ‘कारकुनी, २१ वर्षे’. कोणत्या कचेरीत ते लिहिलं नाही, कारण याच कचेरीत असं लिहिलं तर ओळखीचा फायदा घेतल्यासारखं होईल. शेरा कोरा.

मी या कोऱ्या रकान्याचा पुष्कळ विचार केला आहे. स्वतःबद्दल शेरा लिहिणं त्यांना शोभलं नसतं, हे समजतं. पण कोऱ्याचा अर्थ काय ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मला वाटतं त्यांनी असं धरलं की आपला रकाना साहेब वाचणारच नाहीत, ते आपलं नाव वाचतील. तीन वर्षं रोज सकाळी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहिलेल्या माणसाला शेरा कशाला लागतो. आणि साहेब, नवसारीहून आलेले, नेमस्त गृहस्थ, त्यांनी चव्वेचाळिसाव्या ओळीवर कुणी गणपतराव हणमंतराव दळवी बघितले, वय जास्त, शेरा कोरा. पुढे गेले.

मला कचेरीत बोलावणं आलं ते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. साहेब त्याच दिवशी फिरतीवर निघणार होते, बाहेर गाडी उभी होती. त्यांनी माझा अर्ज समोर ठेवला होता, पांढऱ्या दोऱ्यानं टाचलेला. मोडीचा एक कागद वाचायला दिला, मी वाचला. हुकुमावर सही केली, पंधरा दिवसांत रुजू व्हा म्हणाले. मग पेनाला टोपण लावता लावता, अगदी सहज, त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले:

"आमचे आबासाहेब अर्ज करतील असं मला वाटत होतं. त्यांनी केम केला नाही? मी तर ही जागा त्यांच्यासाठीच धरून बसलो होतो."

माझ्या हातात हुकूम होता, शाई ओली होती. मला सांगायचं होतं एकच वाक्य, साहेब, चव्वेचाळिसावी ओळ बघा. गोषवारा टेबलावरच होता, मला उलटा दिसत होता, त्या ओळीच्या आकड्यासकट. साहेबांनी मी गप्प आहे म्हणून स्वतःच उत्तर देऊन टाकलं, म्हणाले, असेल, घरचं शेतबित काही बघणार असतील, मोठ्या घरची माणसं. आणि उठले. मला भीती वाटली म्हणावं तर तेही खरं नाही. आत काहीच हललं नाही. एकतीस अर्जांनी मला तेवढं तयार केलं होतं. बाहेर येऊन मी नळावर पाणी प्यालो.

संध्याकाळी आबासाहेब ओटल्यावर होते. निकाल त्यांना कचेरीतच कळला होता, हुकुमाची नोंद त्यांनीच आवकजावकात केली होती. त्यांनी हुकूम मागून घेतला, तारीख आणि शिक्का तपासला, रुजू होताना कोणत्या दाखल्यांची मूळ प्रत न्यायची ते सांगितलं. मथुराबाईंनी गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला. मग आबासाहेबांनी हुकूम परत दिला आणि विचारलं:

"साहेब काही म्हणाले?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणण्यासारखं काही नव्हतं."

जुलै संपला तेव्हा साहेब फिरतीवरच होते. आबासाहेबांनी छबीलदासांच्या हाती किल्ल्या दिल्या, दौत धुऊन ठेवली आणि घरी आले. छबीलदासांना सगळं कळलं तेव्हा मी डभोईला रुजू झालो होतो. त्यांनाही वाटलं की साहेबांनी जाणूनबुजून तरुण माणूस घेतला. मग साहेबांना विचारायचं कशाला? आबासाहेब तर मेले तरी विचारणार नव्हते. विचारणं म्हणजे मागणं, आणि पागेतल्या घराण्यात मागत नाहीत. ज्या आजाला ते दुसऱ्यांच्या अर्जातून हाकलत होते तो त्यांच्या घरात असा पाय पसरून बसलेला होता. दिवाळीनंतर साहेबांची बदली झाली.

डभोईचं काम मला जमलं. खोटं कशाला सांगू, चांगलं जमलं. दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडायचे, कागद झटकायचे, वाचायचे, यादी करायची. दोन वर्षांनी बडोद्याहून जुन्या नेमणुकांचे कागद रेकॉर्डला आले, त्यांत माझ्या नेमणुकीचंही प्रकरण होतं. ते लावणं माझंच काम. तिथे मी तो गोषवारा सुलटा बघितला. माझा शेरा वाचला, मग चव्वेचाळिसावी ओळ वाचली. कागद दुमडला, रुमालात घातला, यादीत आकडा चढवला. अजून तो तिथेच आहे, वरून तिसऱ्या फळीवर.

आबासाहेब पुढे रावपुऱ्यात एका टायपिंगवाल्याच्या दुकानात बसत. मशीनवर टाइप झालेला कागद मुळाशी ताडून बघायचा, चूक असेल तिथे खूण करायची. मी सणासुदीला बडोद्याला आलो की भेटायला जायचो. ते डभोईच्या दफ्तराबद्दल बारीकसारीक विचारत. कोणत्या सालापर्यंत यादी आली, वाळवी आहे का, रुमाल नवे मिळाले का. हेवा नव्हता, दुःखही दिसायचं नाही. पण अर्ज लावून देणं त्यांनी सोडून दिलं होतं. कुणी कागद घेऊन आलं तर म्हणत, मला त्यातलं काही कळत नाही. मला ते वाक्य टोचायचं, आणि थोड्या वेळानं टोचायचं थांबायचं. दर भेटीला वाटायचं की आज सांगावं. नोकरी आता माझी पक्की होती, साहेब बदलून गेले होते, सांगून कुणाचंच काही जाणार नव्हतं. मग चहा यायचा.

गेल्या पौषात ते गेले. मला तार नाही, पत्र आलं, म्हणून मी तेराव्यानंतर पोचलो. घरात मथुराबाई एकट्याच होत्या, मुलगी सासरी परतली होती. त्यांनी मला पाट दिला. आता त्या मला गोविंदराव म्हणतात. आबासाहेबांच्या पेटीत सापडलेले कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवले, यातलं काही सरकारी असेल तर बघा म्हणाल्या. सरकारी काही नव्हतं. डभोईच्या अर्जाची त्यांनी ठेवलेली नक्कल होती, समास पाडलेली, दाखल्यांना आकडे घातलेले, दोऱ्यानं टाचलेली.

मथुराबाईंनी ती ओळखली. त्या म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही त्या दिवशी साहेबाकडे गेला होता. साहेबानं यांचा अर्ज वाचून नको म्हटलं, की वाचलाच नाही? हे शेवटपर्यंत तेच घोकत होते."

आणि मग मी सांगितलं. सहा वर्षं जे गिळून बसलो होतो ते बाहेर पडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. साहेबांना गणपतराव म्हणजे कोण ते ठाऊकच नव्हतं, काकी. ते आबासाहेबांची वाट बघत होते, जागा धरून ठेवली होती, मला विचारत होते की त्यांनी अर्ज का केला नाही. आणि मी गप्प राहिलो.

मला वाटलं त्या मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अर्जाच्या दोऱ्याशी चाळा करत बसून राहिल्या. मग बोलल्या, आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"नोकरी तुम्ही ठेवून घेतली ते ठीक होतं. तुम्हालाही पोट होतं ने. पण नंतर तरी सांगायचं. साहेबानं आपलं नाव वाचलं आणि आपण कोराच माणूस ठरलो, असं धरून ते गेले."

त्यांनी अर्ज उचलून पेटीत ठेवला, पेटी लोटली आणि चहाला आधण ठेवायला आत गेल्या. म्हणाल्या, चा पिऊन जा. मी चहा प्यालो. साडेपाचला गोयागेट स्टेशनावरून डभोईची गाडी होती, ती मला मिळाली.